कोरड्या खडकातील पाणी

शिरूर-दौंडकडे बोअर घेण्यापूर्वी काही शेतकरी जमिनीची विद्युत-तपासणी करून घेतात. चार सळया एका ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजायचा. सळया लांब लांब नेल्या की वीज अधिक खोल शिरते. एकसंध कोरडा काळा पाषाण तिला फारशी वाट देत नाही. पाणी मुरलेला मुरूम देतो, कारण भूजलात क्षारांचे आयन असतात. पण चिकणमातीही वीज वाहते. मग अंदाज चुकतो, बोअर कोरडी जाते आणि पैसे बुडतात.

आता शंभर किलोमीटर खोल जाऊ. तिथे सळया उपयोगाच्या नाहीत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सतत चढउतार होतात व त्यांमुळे जमिनीत क्षीण प्रवाह वाहतात. चढउतार जितका संथ, तितका तो खोल पोचतो. (अलिबागला १९०४ पासून या चढउतारांची नोंद होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून तिकडे नेली!) अशा मोजण्यांतून दिसले, की प्रावरणाचे काही भाग अपेक्षेपेक्षा बरेच चांगले वाहक आहेत.

हे कशामुळे? प्रावरणाच्या वरच्या भागातील मुख्य खनिज ऑलिव्हिन. त्याच्या सूत्रात हायड्रोजन नाही. पण स्फटिकात मॅग्नेशियमची एखादी जागा रिकामी राहिली, तर दोन धन प्रभारांची तूट पडते. ती हायड्रोजनची दोन केंद्रके, म्हणजे दोन प्रोटॉन, शेजारच्या ऑक्सिजनला चिकटून भरून काढतात. उष्णतेने हे प्रोटॉन एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतात. प्रभार सरकला की प्रवाह झाला. वजनाने दहा हजारांत एक भाग पाण्याइतका हायड्रोजनही परिणाम दाखवतो. आपल्या पाषाणात कुठे कुठे ऑलिव्हिनचे हिरवट कण सापडतात. पण इथल्या तापमानाला हे प्रोटॉन जवळजवळ हलतच नाहीत.

ही कल्पना काराटो यांनी १९९० मध्ये मांडली. २००६ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांचे प्रयोग छापून आले. काराटोंच्या गटाच्या मते थोडा हायड्रोजन पुरेसा आहे; जपानमधील योशिनो आणि सहकाऱ्यांच्या मते प्रावरणाच्या तापमानाला तो पुरणार नाही, थोडा वितळलेला खडकच हवा. वाद अजून मिटलेला नाही. बोअरवाल्यापुढे पाणी की चिकणमाती, तसे इथे हायड्रोजन की वितळलेला खडक. आणि इथे खणून पाहण्याची सोय नाही.