हेलकावे घेणारा कॅपिलानो पूल सुरक्षित कसा राहतो?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नॉर्थ व्हँकुव्हर येथे कॅपिलानो नदीच्या खोल दरीवर असलेला झुलता पूल सुमारे १४० मीटर लांब असून पात्रापासून ७० मीटर उंचीवर आहे. त्यावर पाऊल ठेवताच पायाखालची फळी दबते, पुढची किंचित उचलली जाते आणि समोरून येणाऱ्या पर्यटकाच्या चालीचा हेलकावा आपल्यापर्यंत पोहोचतो. अनेकांना हे पुलाच्या कमकुवतपणाचे लक्षण वाटते. वस्तुतः तसे नाही.

झुलत्या पुलाचा दोर भार जिथे पडेल तिथे आपला आकार बदलतो. मोटारी वाहून नेणाऱ्या मोठ्या पुलांत रस्त्याला ताठ सांगाड्याचा आधार देऊन ही हालचाल आटोक्यात ठेवली जाते. केवळ पादचाऱ्यांसाठी असलेल्या अशा जुन्या धाटणीच्या पुलात तसा सांगाडा नसतो, म्हणून तो डोलतो. सर्व भार ताणाच्या रूपाने दोरांतून दोन्ही काठांकडे जातो. दोराला झोळ जितका कमी, तितका हा ताण अधिक. त्यामुळे पुलाची खरी परीक्षा मध्यभागी डोलणाऱ्या फळ्यांवर नसून दोराच्या तारांत आणि काठावर तो जखडलेल्या टोकांत असते; पर्यटकाची नजर मात्र तिकडे क्वचितच वळते.

कॅपिलानोचा इतिहास हेच दाखवतो. स्कॉटिश अभियंता जॉर्ज ग्रँट मॅके यांनी १८८९ मध्ये येथे पहिला पूल उभारला, तो वाखाच्या दोरांचा आणि सीडर वृक्षाच्या फळ्यांचा. स्थानिक स्क्वॉमिश समाजातील माणसे आणि घोडे यांच्या साह्याने दोर नदीपलीकडे नेण्यात आले. नदीचे नावही याच समाजातील एका प्रमुखाच्या नावावरून आले आहे. १९०३ मध्ये वाखाची जागा पोलादी तारांच्या दोरांनी घेतली. १९५६ मध्ये तर अवघ्या पाच दिवसांत पूल जवळजवळ नव्याने बांधला गेला आणि दोरांची टोके काँक्रीटमध्ये पक्की करण्यात आली. ‘१८८९ पासूनचा पूल’ म्हणून ज्याची ख्याती आहे, त्याचे आजचे दोर त्या काळचे नाहीत, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे कारणही तेच.

भारतीय वाचकाला या ठिकाणी गुजरातमधील मोरबीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मच्छू नदीवरील झुलता पूल कोसळून १३५ जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीनंतर तो काही दिवसांपूर्वीच खुला झाला होता. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार, एका मुख्य दोरातील ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. फळ्या नव्या आणि दोर जुना, ही जोडी किती घातक ठरू शकते, याचे हे दारुण उदाहरण होय.

कॅपिलानोच्या परिसरात ओलाव्याची कमतरता नाही. पॅसिफिकवरून येणारे ढग किनारी पर्वतांना अडतात आणि पाऊस पाडतात. सह्याद्रीत घडते तेच, फक्त येथे पावसाचा जोर उन्हाळ्यात नव्हे, तर हिवाळ्यात असतो. त्यावरच डग्लस फर, हेमलॉक आणि सीडरचे हे समशीतोष्ण वर्षावन पोसले आहे. धोका जंगलाकडूनही येतो : २००६ च्या हिमवादळात एक प्रचंड डग्लस फर वृक्ष कोसळून पुलाची हानी झाली होती.

पूल ओलांडल्यावर फर वृक्षांमधून नेणारे सात लहान झुलते पूल आहेत. २००४ मध्ये ते बांधताना झाडांना खिळे न ठोकता खोडाभोवती पट्टे आवळण्यात आले. अलीकडच्या काठावर २०११ मध्ये कड्याला लगटून अरुंद पायवाटही करण्यात आली. या सर्वांसाठी प्रवेशशुल्क घसघशीत आहे. ते परवडत नसल्यास त्याच शहरातील लिन दरीवर १९१२ पासून असलेला, सुमारे ५० मीटर उंचीवरचा झुलता पूल विनाशुल्क पाहता येतो. तो लहान असला तरी डोलतो मात्र तसाच.