वाडीची तिजोरी

पहिला पाऊस पडला की कामोठ्यात मानसरोवर स्टेशनच्या बाजूला कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात. ही रानभाजी खाजरी, त्यावर उतारा म्हणून चार काकडंही जुडीबरोबर मिळतात, मागावी लागत नाहीत. सुटे पैसे कमरेच्या चंचीतून निघतात. त्यांच्या स्वतःच्या ताब्यातला पैसा म्हणजे ती चंची.

आदिवासी म्हणून त्यांच्या नावाने येणारा सरकारी पैसा मात्र मोठा असतो. आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेपासूनची. राज्यात आदिवासी साधारण नऊ टक्के, म्हणून राज्याच्या योजनेचा नऊ टक्के पैसा त्यांच्यासाठी वेगळा काढावा, असं सुकथनकर समितीने सुचवलं आणि महाराष्ट्राने 1993-94 पासून ते मान्य केलं. रायगडापुरता हा कारभार पेणच्या प्रकल्प कार्यालयातून चालतो. पण नावावरचा पैसा वेगळा आणि हातातला वेगळा.

हातात पैसा आला की काय होतं, ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने दाखवलं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद आला, तरी बांबू विकता येईना. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलेलं, 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे. तोडायचा हक्क गावाचा, पण गावाबाहेर न्यायचा नाही! 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात गेले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर विक्री आणि हिशोब दोन्ही ग्रामसभेकडे आले. हे काही एका दिवसात जमलं नव्हतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने आधी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले होते आणि निर्णय मतदानाने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायची सवय लावून घेतली होती. माझ्या मते बांबूपेक्षा ही सवय मोलाची. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गेटच्या रंगावरही सहमती होत नाही.

पुढे 2014 मध्ये पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, राज्याचे नियम आले. 2015 मध्ये आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचं ठरलं. त्याला ‘अबंध निधी’ म्हणतात. रस्ता आधी की शाळा, हे ग्रामसभेने ठरवायचं. अशा क्षेत्रात पाड्याला स्वतंत्र गाव म्हणूनही मान्यता मिळू शकते. मग त्याची ग्रामसभाही त्याची स्वतःची.

रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. सारी मेख तिथे आहे. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक, माडिया आणि कोलाम या दुसऱ्या दोन. तरी इथली कातकऱ्यांची वाडी मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीचं शेपूट. ना अबंध निधी, ना वेगळी ग्रामसभा.

खुद्द कामोठ्यात तर आता ग्रामसभाच उरलेली नाही. हे गाव आगऱ्यांचं, भातशेती आणि खाडीवर जगलेलं. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहराखाली गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना पदरात पडली. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठं तिच्यात गेलं. मग तेव्हापासूनच्या मालमत्ता कराची बिलं मागाहून घरी आली. सिडकोला सेवाशुल्क भरलं होतं, मग हा कर पुन्हा कशाला, म्हणून कामोठे-खारघरकर रस्त्यावर उतरले, खारघरकर उच्च न्यायालयातही गेले. आमचा राग खरा होता. पण भांडायला आमच्या हातात निदान पावती होती.

वाडीकडे बहुतेक वेळा सातबाराही नसतो. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराखालची जमीन दुसऱ्या कुणाच्या नावावर असते, आणि शहर जवळ आलं की तिला गिऱ्हाईक लागतं. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अतिअसुरक्षित जमातीतल्या कुटुंबाला घरासाठी दोन लाख रुपये मिळतात, थेट बँकखात्यात. इतका सरळ पैसा याआधी क्वचितच आला असेल. पण घर बांधायला जागा हवी. वस्ती गावठाणात घ्यायची तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, म्हणजे ज्यांची जमीन जायची तेच बहुधा समोर बसलेले असतात.

ग्रामसभेत जाऊन बोलावं, तर तिच्या ठरलेल्या तारखा चार: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पहिल्या दोन तारखांना वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या असतात.