घरातच रंगकाम करताय? आधी हवेची वाट आखा

विदर्भात पोळा, तान्हा पोळा आणि गणेशोत्सव पाठोपाठ येतात. त्यामुळे लाकडी नंदीबैल आणि मूर्ती रंगवण्याचे काम ऐन पावसाळ्यात चालते. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात कलाकाराचा स्टुडिओ म्हणजे बहुधा घरातलीच एक खोली. झड लागली की खिडक्या बंद होतात आणि थिनरची वाफ आतच कोंडते.

धोका काय?
थिनर, टर्पेंटाइन, लॅकर यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते, म्हणजे लहान मुले खेळतात तिथेच. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोळे चुरचुरणे ही सुरुवातीची लक्षणे. काही वेळाने नाकाला वासाची सवय होते. वाफ मात्र कायम असते. ती पेटही घेते. त्यामुळे जवळ गॅस, दिवा किंवा बिडी नको.

सीलिंग फॅन पुरेसा नाही?
नाही. तो तीच हवा खोलीत फिरवतो. हवा बाहेर फेकायला एक्झॉस्ट फॅन लागतो.

किती मोठा?
खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट असेल, तर आत १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला १० वेळा बदलायची, तर ताशी ३४० घनमीटर क्षमता हवी. हा आकडा फॅनच्या खोक्यावर पाहा. जाळी आणि झडपेमुळे प्रत्यक्षात हवा कमी फेकली जाते, म्हणून थोडा मोठा फॅन घ्या.

कुठे बसवायचा?
ताजी हवा येते त्याच्या समोरच्या भिंतीत. आधी ताजी हवा, मग तुम्ही, मग काम आणि शेवटी फॅन, असा क्रम ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर फॅन नुसताच फिरतो. पावसात खिडकीवर छज्जा काढा, पण ती बंद करू नका.

उन्हाळ्यात कूलर चालेल?
चालेल, पण समोरची खिडकी उघडी हवी. फक्त घरातले दार उघडे असेल, तर कूलर वाफ थेट स्वयंपाकघरात ढकलतो.

हेही लक्षात ठेवा
• स्प्रेचे काम अंगणातच करा. साध्या फॅनच्या मोटारीची ठिणगी वाफ पेटवू शकते.
• कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, वाफ नाही.
• जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.
• रंग ओला असेपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये.

सोपी चाचणी: रंग-थिनरचे डबे बाहेर ठेवून, फॅन लावून उदबत्ती पेटवा. धूर तुमच्या तोंडाकडे न येता फॅनकडे गेला, तर वाट बरोबर आहे.