‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे नेमके किती पाणी?

जुलैमधली मुसळधार सकाळ. छत्री असूनही शर्टाच्या बाह्या भिजलेल्या. लोकलमधून उतरून कार्यालय गाठावे आणि वेळ पाहावी, तर घड्याळाच्या काचेखाली आतून धुके साचलेले! मागच्या झाकणावर मात्र ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ अशी अक्षरे ठसठशीत कोरलेली असतात. ३० मीटर खोल पाणी सोसणारे घड्याळ पावसाच्या दोन सरींपुढे का हार मानते? या प्रश्नाच्या उत्तरातच रोजच्या वापरासाठी घड्याळ कसे निवडावे, याचेही उत्तर दडलेले आहे.

आकडा दाबाचा, खोलीचा नव्हे

पाण्यात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे १ बारने वाढतो. त्यामुळे ‘३० मीटर’, ‘३ बार’ आणि ‘३ एटीएम’ या तिन्हींचा अर्थ व्यवहारात एकच. हा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. २०१० च्या ‘आयएसओ २२८१०’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घड्याळ स्थिर पाण्यात नेमलेल्या दाबाखाली १० मिनिटे ठेवले जाते. नंतर ते कोमट करून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात. काचेच्या आतल्या बाजूस बाष्प धरले, तर घड्याळ नापास. या मानकात तयार मालातील काही नमुने तपासले तरी चालतात. म्हणजे तो आकडा नव्या घड्याळाचा असतो, तीन पावसाळे पाहिलेल्या घड्याळाचा नव्हे.

पोहताना हात जोरात मारल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो आणि पाणी आत शिरते, असा समज रूढ आहे. गणित मात्र वेगळे सांगते. हात सेकंदाला १० मीटर इतक्या वेगाने पाण्यात फिरला, तरी त्यामुळे वाढणारा दाब जेमतेम अर्धा बार, म्हणजे आणखी ५ मीटर खोलीइतकाच असतो. खरा दोषी दुसराच आहे.

खरा पहारेकरी रबराचा

घड्याळात पाणी शिरण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन : काचेची कड, मागचे झाकण आणि काटे फिरवण्याची चावी. या तिन्ही ठिकाणी पहारा असतो तो बारीक वॉशरचा; तो बहुधा रबराचा असतो. घाम, साबण, अत्तर आणि उष्णता यांनी रबर हळूहळू कडक होते, चपटे होते आणि त्याची पकड सुटते. गरम पाण्याने अंघोळ करताना घड्याळ हातात राहिले, तर आतील हवा तापून फुगते. पुढे गार झाल्यावर ती आकसते आणि सैल वॉशरमधून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. चावी किंचित बाहेर राहिली असेल, तर मग कोणताही आकडा कामाचा नाही.

चावीचा हा धोका घड्याळ उत्पादकांनी फार पूर्वीच ओळखला होता. १९२६ मध्ये ‘रोलेक्स’ने आणलेल्या ‘ऑयस्टर’ घड्याळात झाकणाप्रमाणेच चावीलाही आटे होते. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने ते इंग्लिश खाडीतील थंडगार पाण्यात सोबत नेले. १० तासांहून अधिक काळ झुंजल्यावर तिला पोहणे सोडावे लागले. घड्याळ मात्र चालू राहिले.

निवड कशी करावी?

३० मीटरचे घड्याळ हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरते समजावे. ५० मीटरचे पावसाला आणि क्वचित पोहण्याला पुरते. रोज वापरायचे, पावसात भिजायचे आणि तलावातही उतरायचे असेल, तर १०० मीटर ही समंजस निवड ठरते. हा जादा आकडा खोल बुडी मारण्यासाठी नसून, वॉशर म्हाताऱ्या झाल्यावरही थोडी शिल्लक राहावी यासाठी असतो. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे स्वतंत्र, अधिक कडक मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची अट असून चाचणीचा दाब सव्वापट असतो.

टिकाऊपणा केवळ पाण्यावर ठरत नाही. धुळीतील वाळूचे कण खनिज काचेपेक्षा कठीण असल्याने तिच्यावर ओरखडे उठतात. नीलमणी काच त्यांना दाद देत नाही, मात्र ती महाग असते. पितळेवर मुलामा दिलेल्या केसपेक्षा स्टेनलेस स्टीलची केस घामाला अधिक दिवस तोंड देते. चामड्याचा पट्टा दिसतो देखणा, पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. रबरी किंवा स्टीलचा पट्टा बरा. धक्के सोसायचे असतील, तर प्लॅस्टिकच्या कवचातील डिजिटल घड्याळांना तोड नाही. ‘कॅसिओ’ची १९८३ मधील पहिली ‘जी-शॉक’ १० मीटरवरून पडणे आणि १० बार दाब सोसणे, या उद्दिष्टांनीच घडवली गेली.

सेल बदलताना सावध

बहुतेक घड्याळांचा घात होतो तो पहिला सेल बदलताना. झाकण घाईने उघडले जाते, जुना वॉशर दबलेला किंवा वाकडा तसाच बसतो, आणि पुढच्या पावसात पाणी आत येते. म्हणूनच सेल बदलताना वॉशर नवा टाकण्याचा आणि शक्य असेल तेथे दाबाची चाचणी करून घेण्याचा आग्रह धरावा. समुद्रात किंवा तलावात उतरल्यानंतर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. काचेखाली बाष्प दिसले, तर ते आपोआप विरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

झाकणावरचा आकडा खरेदीच्या दिवशी खरा असतो. तो पुढेही खरा ठेवण्याचे काम मात्र घड्याळ वापरणाऱ्याचे.