यंत्र छातीत, संघ दुसऱ्या देशात

१२ जून २०२१. कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियमवर युरो स्पर्धेतला डेन्मार्क-फिनलंड सामना सुरू होता. पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचा मध्यरक्षक ख्रिस्तियन एरिक्सन थ्रो-इन घ्यायला पुढे सरसावला आणि कोणाचाही धक्का न लागता कोसळला. हृदय बंद पडले होते. मैदानातच छातीवर दाब देण्यात आला, डिफिब्रिलेटरचा झटका दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. त्याआधी टॉटनहॅममध्ये असताना दरवर्षीच्या हृदय तपासणीत त्याच्यात दोष आढळला नव्हता, हे विशेष.

रुग्णालयात त्याच्या छातीत, कातडीखाली ‘आयसीडी’ बसवण्यात आले. आगपेटीच्या आकाराचे हे यंत्र हृदयाचा प्रत्येक ठोका मोजते. ठोके घातक वेगाने पडू लागले तर गरजेनुसार आतूनच विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करते. म्हणजे, अंगावरच वागवलेला डिफिब्रिलेटर.

सोळाव्या वर्षी डेन्मार्क सोडून हॉलंडच्या आयॅक्समध्ये गेलेला एरिक्सन पुढे इंग्लंडमार्गे इटलीत, इंटर मिलानमध्ये पोहोचला होता. आता यंत्रामुळेच इटलीचे दार बंद झाले. तिथे आयसीडी असलेल्या फुटबॉलपटूला स्पर्धेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नाही. डिसेंबरमध्ये करार संपवावा लागला.

इटलीचा हा कडकपणा आडमुठेपणाचा वाटेल, पण त्याला आधार आहे. तिथे १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. व्हेनेतो प्रांतात त्यानंतरच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अकस्मात हृदयमृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. शिवाय आयसीडी असलेल्यांना धोका आहेच: कोपर किंवा चेंडू लागून यंत्राची तार बिघडू शकते, धावताना वाढलेले ठोके पाहून ते नको तेव्हा झटका देऊ शकते.

दुसरी बाजू २०१३ मध्ये पुढे आली. आयसीडी असलेल्या ३७२ खेळाडूंच्या अभ्यासात खेळताना एकाही खेळाडूचा मृत्यू झाला नाही. सराव किंवा स्पर्धेदरम्यान झटका बसला तो सुमारे १० टक्क्यांना. पुढे २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी सरसकट बंदीऐवजी डॉक्टर आणि खेळाडूने मिळून निर्णय घेण्यावर भर दिला. मूळ आजार कोणता, हा प्रश्न मात्र त्यातही सर्वांत महत्त्वाचा.

इंग्लंडमध्ये अशी बंदी नव्हती. तिथल्या ब्रेंटफर्डने त्याला घेतले आणि २६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो पुन्हा मैदानात उतरला. महिनाभराने डेन्मार्ककडून ॲमस्टरडॅममध्ये बदली खेळाडू म्हणून आला, तर दोन मिनिटांतच गोल! मग मँचेस्टर युनायटेडमध्ये तीन वर्षे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीतले वोल्फ्सबुर्ग. दरम्यान २०२४ च्या युरोत त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला, तो कोसळल्यानंतर बरोबर १,१०० दिवसांनी.

यंत्राची बॅटरी काही वर्षांनी संपते. ती संपत आली की छोटी शस्त्रक्रिया करून नवे यंत्र बसवावे लागते.