टोपीची पिस्तुले, अमेरिकन नक्षीदार
टोपीची पिस्तुले, अमेरिकन नक्षीदार : स्फोटक द्रव्य भरलेल्या तांब्याच्या लहान टोपीवर घोडा आपटून दारू पेटविणारी, सु. १८२० ते १८७० या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तयार झालेली व हाताने कोरीवकाम केलेली पिस्तुले. संग्राहकांच्या दृष्टीने त्यांचे मोल मारकशक्तीत नसून धातूच्या पृष्ठभागावर टिकून राहिलेल्या मूळ पुराव्यात असते. हा पुरावा सहज नष्ट होतो आणि त्याची नक्कलही करता येते. म्हणून परीक्षा हा या संग्रहाचा मुख्य भाग ठरतो.

चकमकीच्या बंदुकीतील कानाची दारू पावसात भिजे व वाऱ्याने उडून जाई. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करून अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये एकस्व मिळविले. टोपीचे अमेरिकन एकस्व फिलाडेल्फियाच्या जोशुआ शॉ या चित्रकाराला १८२२ मध्ये मिळाले (⟶ बंदूक). त्याच शहरातील हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) याची खिशात मावणारी, चांदीसारख्या मिश्रधातूची जडणघडण असलेली पिस्तुले प्रसिद्ध झाली. सॅम्युएल कोल्ट (१८१४–६२) याने फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचे एकस्व २५ फेब्रुवारी १८३६ रोजी घेतले. पॅटर्सन (न्यू जर्सी) येथील त्याचा पहिला उद्योग १८४२ मध्ये बंद पडला. मेक्सिकोबरोबरच्या युद्धामुळे १८४७ मध्ये पुन्हा मागणी आली आणि पुढे हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथे त्याचा कारखाना भरभराटीस आला. आरपार छिद्रे असलेल्या कोठीचे रॉलिन व्हाइट याचे एकस्व १८५५ ते १८६९ पर्यंत अंमलात होते. त्यामुळे धातूच्या काडतुसाचा शोध लागल्यावरही इतर कारखान्यांत टोपीची पद्धत टिकून राहिली.

नक्षीचे प्रकार : कोल्टच्या पिस्तुलांवर दोन प्रकारची नक्षी आढळते. पहिली यांत्रिक होय. वॉटरमन ऑर्म्झबी या नोटांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराने केलेल्या पोलादी ठशाने कोठीवर देखावे उमटवीत. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्यावरील देखावा १८४३ च्या कँपेचीच्या सागरी लढाईचा आहे. हा नमुना दोन लाखांहून अधिक निघाला असल्याने केवळ देखावा असणे हे दुर्मिळतेचे लक्षण नव्हे. दुसरी नक्षी हाताने कोरलेली असून खरी दुर्मिळ तीच होय. तीत वळणदार वेली, प्राण्यांची मुखे व ठिपक्यांची पार्श्वभूमी दिसते. हे काम मुख्यतः जर्मन स्थलांतरितांनी केले. त्यांत प्रशियात जन्मलेला गुस्ताव्ह यंग (१८२७–९५) अग्रगण्य मानला जातो. सु. १८५३ मधील सोन्याच्या जडावाचे, वॉशिंग्टनची प्रतिमा असलेले ‘ड्रगून’ पिस्तूल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कोल्टचा स्वतःचा संग्रह त्याच्या पत्नीच्या मृत्युपत्रान्वये १९०५ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्झवर्थ अथेनियम या संग्रहालयाकडे आला.

परीक्षा : खऱ्या पण साध्या जुन्या पिस्तुलावर नंतर नक्षी कोरणे ही सर्वांत फसवी नक्कल होय, कारण तीत धातू, अनुक्रमांक व यंत्रणा अस्सलच असतात. अशा वेळी कामाचा क्रम पाहावा लागतो. कारखान्यात प्रथम कोरीवकाम होई; नंतर सांगाड्याचे पृष्ठ कठीण करीत व नळीला निळी झिलई देत. म्हणून झिलई टिकलेल्या जागी मूळ रेषांच्या तळाशीही तिचा अंश सापडतो आणि झिजलेल्या जागी रेषाही तेवढ्याच झिजलेल्या असतात. गंजाच्या खळग्यातून धारदार रेषा अखंड गेली असेल, तर ती गंजानंतरची समजावी. कठीण झालेला सांगाडा पुन्हा कोरण्यासाठी तापवून मऊ केल्यास त्यावरील मूळ रंगछटा नाहीशा होतात. भागांवरील अनुक्रमांक जुळतात की नाही, हेही पाहतात. मात्र कारखान्याबाहेरची प्रत्येक नक्षी बनावट नसते. न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के (१८३२–१९०४) व्यापाऱ्यांसाठी शस्त्रे कोरीत असे. आपल्या कामाचे शाईचे ठसे त्याने वहीत जपून ठेवले होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही वही तुलनेचे विश्वसनीय साधन ठरली आहे.

जतन व कायदा : जुने पिस्तूल घासून चकचकीत केल्यास किंवा त्याला नवी झिलई दिल्यास वरील बहुतेक खुणा पुसल्या जातात व अस्सल वस्तूही संशयास्पद ठरते. ती कोरडी ठेवणे, तेलाचा पातळ हात देणे आणि पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे सांभाळणे एवढेच इष्ट होय. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतची शस्त्रे पुरातन मानली जातात. भारतात केवळ वय पुरेसे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ ची सूट दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या कालबाह्य किंवा पुरातनमूल्य असलेल्या शस्त्रांनाच मिळते. त्यामुळे वाडवडिलांकडून आलेले टोपीचे शस्त्र चालू स्थितीत असेल, तर परवाना आवश्यक ठरतो.