टक्के कशाचे, हे आधी ठरवा

घरी साबण, क्रीम किंवा लिप बाम करणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे: टक्क्यांतली कृती कारखान्यासाठी, वाटी-चमच्याची घरासाठी. मग टक्के हाती पडले की टक्का म्हणजे मिली असे धरून मापे घेतली जातात. वास्तविक या कृतींमधले टक्के बहुतेक वेळा वजनाचे असतात. १० मिली खोबरेल तेल सुमारे ९.२ ग्रॅम भरते, तेवढेच ग्लिसरीन १२.६ ग्रॅम. दोन्ही चमच्याने समसमान घेतली, तरी वजनात ग्लिसरीनचा वाटा ५८ टक्क्यांच्या घरात जातो. रूपांतराचे गणित अवघड नाही. प्रत्येक घटकाचे वजन एकूण वजनाने भागून शंभराने गुणले की टक्के येतात. कृतीतल्या आकड्यांची बेरीज ११० भरत असेल, तर ते टक्के नव्हेत, भाग आहेत. प्रत्येक आकडा ११०ने भागून शंभराने गुणावा लागतो.

खरा घोटाळा पुढे आहे, आणि तो साबणात सर्वांत घातक ठरतो. आमचा बोरी अरब-दारव्हा परिसर कपाशीचा, म्हणून उदाहरण सरकीच्या तेलाचेच घेऊ. ३०० ग्रॅम खोबरेल आणि २०० ग्रॅम सरकीचे तेल घेतले. एक ग्रॅम खोबरेलाचा साबण व्हायला सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, सरकीच्या तेलाला सुमारे ०.१३८. एकूण ८२.५ ग्रॅम झाला; त्वचेसाठी पाच टक्के तेल शिल्लक राहावे म्हणून तो ७८.४ ग्रॅमवर आणला. पाणी १९० ग्रॅम. सगळे मिळून ७६८ ग्रॅम. आता हा सोडा तेलाच्या १५.७ टक्के आहे, पण एकूण मिश्रणाच्या १०.२ टक्केच. साबणाच्या कृतींत सोडा आणि पाणी बऱ्याचदा तेलाच्या टक्क्यांत सांगतात, तर क्रीमच्या कृतींत सगळे एकूण वजनावर मोजतात. कुणी १५.७ हा आकडा ७६८ ग्रॅमवर लावला तर १२० ग्रॅम सोडा पडेल. तेलाला पुरून ३८ ग्रॅम उरेल, आणि तो साबण अंगाला लावण्याजोगा राहणार नाही. तेल बदलले की जुने टक्के चालत नाहीत, हेही यातूनच येते: ५०० ग्रॅम निव्वळ खोबरेलाला ९१.५ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच सरकीच्या तेलाला ६९.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आजीने चिमटीच्या मापाने उटणे केले, कुणाला काही झाले नाही. ते बरोबरच आहे. उटणे कोरडे असते, लावायच्या वेळी भिजवले जाते आणि तेव्हाच संपते. त्यात हळद थोडी अधिक झाली तर फार तर अंग पिवळे दिसते. पाणी असलेले क्रीम महिनाभर टिकवायचे झाले की प्रश्न बदलतो. फिनॉक्सिएथेनॉलसारख्या प्रिझर्व्हेटिव्हची मर्यादा एक टक्का आहे. त्याहून जास्त घालणे योग्य नाही आणि फार कमी पडले तर बुरशी धरते. दुसरा आक्षेप वजनकाट्याचा. स्वयंपाकघरातला काटा बहुधा पूर्ण ग्रॅममध्येच आकडा दाखवतो, म्हणून १०० ग्रॅम क्रीममध्ये मोजलेला एक ग्रॅम प्रत्यक्षात अर्धा किंवा दीड असू शकतो. तेच ५०० ग्रॅमच्या घाण्यात पाच ग्रॅम मोजले, तर प्रमाण ०.९ ते १.१ टक्क्यांत राहते. एवढे क्रीम नको असेल तर शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. थेंबांवर भरवसा ठेवू नये, कारण थेंबाचे वजन ड्रॉपरनुसार बदलते. क्रीम गरम करताना पाणी उडते आणि बाकी सगळ्यांचे टक्के वर चढतात. म्हणून मिश्रणासकट भांड्याचे वजन आधी टिपून ठेवावे आणि शेवटी जेवढे कमी भरेल तेवढेच उकळून थंड केलेले पाणी घालून तूट भरावी.

विक्री करू पाहणाऱ्या बचत गटांना टक्क्यांचा हा हिशेब आणखी एका कामी येतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे विक्रीसाठी उत्पादन करायला परवाना लागतो, आणि एक टक्क्याहून अधिक असलेले घटक लेबलवर उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात.